लहान आतड्याचा दुर्मिळ लिम्फोमा: ओळखावा कसा, विचारावे काय

आपल्यापैकी अनेक घरांची मुळे नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जुन्या निजामी मुलखातल्या जिल्ह्यांत आहेत. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा वेगळा झाला, पण नाती तुटली नाहीत. गावाकडचे माणूस आजारी पडले की देवगिरी एक्स्प्रेस धरून ते आजही हैदराबादला येते आणि उतरते आपल्याच घरी. त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणे, डॉक्टरांचे म्हणणे समजून घेणे, रिपोर्टांची फाइल सांभाळणे हे सगळे आपल्याकडे येते. म्हणून मंडळाच्या आरोग्य सदरात आम्ही या वेळी एका अशा आजाराची माहिती देत आहोत, ज्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नसते, पण जो वेळेवर ओळखला गेला तर फार फरक पडतो.

हा लेख लिहिणारे आम्ही सभासदच आहोत. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगावे आणि काय विचारावे एवढे कळावे, हा हेतू आहे.

थोडक्यात

• महिनोन्‌महिने जुलाब, पोटात कळा आणि उतरत जाणारे वजन ही तिन्ही लक्षणे तरुण माणसात एकत्र दिसली, तर आतड्याचा तुकडा तपासल्याशिवाय आजाराला नाव देऊ नये.
• आपल्याकडे अशा रुग्णांत क्षय, स्प्रू, जंत-जंतू हेच जास्त आढळतात. लिम्फोमा क्वचित असतो. पण तो असला आणि क्षय समजून सहा महिने गेले, तर गेलेला वेळ परत येत नाही.
• या आजाराची पहिली पायरी अनेकदा साध्या अँटिबायोटिक गोळ्यांनी आटोक्यात येते. शेवटच्या पायरीवर केमोथेरपी लागते.

हा आजार म्हणजे काय

आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. अन्नातला कस तिथेच अंगी लागतो. बाहेरून येणारे जंतूही तिथेच सर्वांत जास्त येऊन आदळतात. म्हणून आतड्याच्या अस्तरात शरीराने पहारेकरी पेशी बसवलेल्या असतात. या लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी. त्या आयजीए नावाची प्रतिपिंडे तयार करतात. या पहारेकरी पेशींचाच कर्करोग झाला की त्याला लिम्फोमा म्हणतात.

लिम्फोमा सहसा मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींत सुरू होतो. तो थेट लहान आतड्यात सुरू होणे हे तुलनेने कमी घडते. त्यातही आपल्या भागाशी संबंध असलेला एक दुर्मिळ प्रकार आहे. त्याचे नाव इम्युनोप्रोलिफरेटिव्ह स्मॉल इंटेस्टाइनल डिसीज. नाव लांबलचक आहे, म्हणून डॉक्टर त्याला आयपीएसआयडी म्हणतात. पुढे आम्हीही तेच नाव वापरू.

या आजारात आतड्याच्या वरच्या भागात, म्हणजे जठराला लागून असलेल्या ड्युओडिनममध्ये आणि त्यापुढच्या जेजुनममध्ये, प्लाझ्मा पेशींची बेसुमार गर्दी होते. निरोगी प्रतिपिंडात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. या आजारातल्या पेशी अल्फा नावाची जड साखळी तेवढी बनवतात, तीही अर्धवट, आणि हलकी साखळी बनवतच नाहीत. म्हणून याला अल्फा हेवी चेन डिसीज असेही नाव आहे. पेशींच्या या गर्दीने अस्तर जाड होते, कस शोषणारे बारीक तंतू दबतात आणि माणूस खाऊनपिऊन खंगत जातो.

नावामागची गोष्ट

इस्रायलमध्ये १९६५ साली ब्राखा रामोत यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण रुग्णांतल्या अशा आतड्याच्या लिम्फोमाचे वर्णन केले. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांत तो दिसत असल्याने त्याला ‘मेडिटेरेनियन लिम्फोमा’ म्हणू लागले. १९६८ साली पॅरिसमध्ये माक्सिम सेलिगमान यांनी अशाच एका रुग्णाच्या रक्तात ती अर्धवट अल्फा साखळी शोधली. हे दोन्ही एकाच आजाराचे टप्पे आहेत हे पुढे लक्षात आले आणि १९७६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आयपीएसआयडी हे नाव पुढे आणले.

नावात भूमध्य समुद्र असला तरी आजार तेवढ्यापुरता नव्हता. उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, पाकिस्तान, भारत अशा ठिकाणीही तो सापडला. जिथे पिण्याचे पाणी अशुद्ध आणि लहानपणापासून पोटाचे संसर्ग वारंवार होतात, तिथे तो अधिक दिसतो. राहणीमान सुधारले तसे त्याचे प्रमाण कमी होत गेले. यातून डॉक्टरांना जंतूचा संशय होताच. २००४ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी एका रुग्णाच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू दाखवून दिला. अँटिबायोटिक दिल्यावर त्या रुग्णाचा आजार वेगाने ओसरला होता. पूर्वीच्या काही रुग्णांचे जपून ठेवलेले तुकडे काढून पाहिले, तेव्हा त्यांतल्याही काहींत तोच जंतू मिळाला.

हा जंतू अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून, न उकळलेल्या दुधातून आणि दूषित पाण्यातून पोटात जातो. त्याने होणारे जुलाब बहुतेकांचे आठवड्याभरात थांबतात आणि विषय संपतो. तेव्हा जुलाब झाले म्हणून कर्करोगाची भीती बाळगू नये. काही थोड्या लोकांत तो संसर्ग रेंगाळतो, पहारेकरी पेशींना सतत डिवचत राहतो आणि त्या पेशींची वाढ पुढे ताब्यात राहत नाही, असे आज मानले जाते. जठरातल्या एका लिम्फोमाचा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूशी असाच संबंध आहे आणि तोही जंतू घालवल्यावर अनेकदा ओसरतो.

लक्षणे

पूर्वी आपल्याकडे एखाद्याला सारखे जुलाब लागून तो वाळत गेला की ‘संग्रहणी लागली’ म्हणत. त्या एका शब्दाखाली अनेक आजार मोडत. आयपीएसआयडीचे चित्रही बाहेरून तसेच दिसते. रुग्ण बहुधा तरुण असतो, विशीतला किंवा तिशीतला, कधी त्याहूनही लहान.

• जुलाब: आठवडे, महिने चालणारे. शौचास पुष्कळ, फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त होते आणि पाणी ओतले तरी भांड्याला चिकटून राहते.
• पोटात कळा: बेंबीभोवती मुरडा, जेवल्यावर वाढणारा.
• वजन उतरणे: ठरवून न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरणे ही गंभीर गोष्ट आहे. साठ किलोच्या माणसात हे तीन किलो होतात.
• पायावर सूज: रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन आतड्यातून गळून जाते, म्हणून घोट्याजवळ बोट दाबले की खळगा पडतो.
• हातापायांना गोळे येणे, बोटे वाकडी होऊन आखडणे: कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घटल्याची खूण.
• बोटांची टोके फुगणे: दोन्ही तर्जनींची नखे एकमेकांना पाठीला पाठ लावून धरावीत. नेहमी मध्ये शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसते. ती दिसत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या विकारांतही असे होते, पण जुलाबाच्या रुग्णात ही खूण मोलाची असते.
• थकवा, फिकेपणा, स्त्रियांत पाळी अनियमित होणे किंवा थांबणे.

ताप आला तर तो बहुधा आजार पुढे सरकल्यावर येतो. पोटात हाताला लागणारा गोळाही तसाच.

एक खूण अशी आहे जी रिपोर्टात दिसत नाही, घरच्यांनाच माहीत असते. औषधाच्या दुकानातून जुलाबाच्या गोळ्या आणल्या की आठ-पंधरा दिवस बरे वाटते, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. हे चक्र वर्षभर चालले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गल्लत कुठे होते

आतड्याचा क्षय. आपल्या देशात हा आजार खूप आहे, म्हणून जुलाब, ताप, उतरलेले वजन आणि सोनोग्राफीत पोटात सुजलेल्या गाठी दिसल्या की डॉक्टरांच्या मनात क्षय आधी येतो आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. क्षयाचा जंतू आतड्याच्या तुकड्यात बऱ्याच वेळा सापडत नाही, म्हणून कधी कधी पुराव्याशिवाय, अंदाजाने औषध सुरू करावे लागते. त्यातही गैर काही नाही. पण औषध लागू पडते की नाही हे पाहण्याची तारीख त्याच दिवशी ठरली पाहिजे. खरोखर क्षय असेल तर साधारण दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन चढू लागते आणि दुर्बिणीने पाहिले तर आतड्यातले व्रण भरत आलेले दिसतात. तसे झाले नाही तर ‘कोर्स पूर्ण करू, मग बघू’ म्हणण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे. औषध मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. पक्का क्षय असेल तर ते पूर्ण घ्यावेच लागते.

ट्रॉपिकल स्प्रू. दक्षिण भारतात या आजारावर मोठे काम झाले, विशेषतः वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. यातही जुलाब, अशक्तपणा आणि बी-१२ व फोलिक अॅसिडची कमतरता असते. त्यावरचा इलाज म्हणजे टेट्रासायक्लिन आणि फोलिक अॅसिड. आयपीएसआयडीची पहिली पायरीही टेट्रासायक्लिनने सुधारते, म्हणून गोळ्यांनी बरे वाटले यावरून स्प्रूच होता असे सिद्ध होत नाही. तुकडा आधी तपासावा आणि गोळ्या नंतर घ्याव्यात.

सिलियाक आजार. गव्हातल्या ग्लुटेनने होणारा हा विकार उत्तर भारतात अधिक दिसतो. आपल्या घरांत एक गोष्ट सहज घडते. पोट बिघडले की कुणीतरी सांगते, ‘पोळी बंद कर, ज्वारीची भाकरी खा.’ ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून सिलियाकच्या रुग्णाला बरे वाटते. पण गहू बंद करून काही महिने गेले की सिलियाकची रक्ततपासणी चुकीने निर्दोष येऊ शकते. तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नये. सिलियाकचे रुग्ण पथ्य पाळूनही पुन्हा खंगू लागले, तर त्यांनाही आतड्याचा एक वेगळा लिम्फोमा होऊ शकतो. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

क्रोन्स आजार. यावर अनेकदा स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशीही काही काळ दबतात, रुग्णाला हुशारी येते आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदान धूसर होते. म्हणून ‘स्टेरॉइड सुरू करण्याआधी पुरेसे तुकडे तपासले आहेत ना?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

जंत आणि जिआर्डिया. आयपीएसआयडीच्या रुग्णात जिआर्डियाही सापडतो. शौचाच्या तपासणीत तो मिळाला, औषध दिले, तरी जुलाब थांबले नाहीत, तर तपास तिथे थांबवू नये.

भारतातल्या डॉक्टरांनी या गल्लतीबद्दल लिहिलेले आहे. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या पोटविकार तज्ज्ञांनी तर हा आजार भारतात खरोखरच तेवढा दुर्मिळ आहे का, असाच प्रश्न उपस्थित केला होता.

एक उदाहरण

समजा, देगलूरकडचा चोवीस वर्षांचा भाचा आपल्याकडे आला आहे. आठ महिने जुलाब आहेत, वजन अकरा किलो उतरले आहे. गावी सोनोग्राफी झाली, पोटात गाठी दिसल्या आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याला तीन महिने झाले. पहिले दोन आठवडे थोडे बरे वाटले, आता पायावर सूज आहे. घरचे म्हणतात, ‘मामा, गोळ्या गरम पडतात, ताक-भात चालू ठेवलाय.’

इथे त्याच्या मामा-मामीने काय करावे? गोळ्या बंद करायला सांगू नये. फाइल उघडून एकच गोष्ट शोधावी: बायोप्सीचा रिपोर्ट. तो नसेल, तर क्षय हे अजून अनुमान आहे. तीन महिन्यांत वजन चढले नाही, तर ते अनुमान पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे. पोटविकार तज्ज्ञाकडे, म्हणजे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडे, त्याच आठवड्यात न्यावे आणि तारखांसह सांगावे: जुलाब कधी सुरू झाले, वजन किती होते, गोळ्या कधीपासून, त्यांनी काय फरक पडला. भाच्याला शेवटी क्षयच निघेल, स्प्रू निघेल किंवा आणखी काही. पण जे निघेल ते पुराव्याने निघेल.

तपासण्या

सुरुवात साध्या रक्ततपासणीने होते: हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, कॅल्शियम, बी-१२, फोलेट, लोह, एचआयव्ही आणि सिलियाकची चाचणी. शौचाची तपासणी एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा करतात.

दुर्बिणीची तपासणी. आयपीएसआयडी आतड्याच्या वरच्या भागात असतो, म्हणून तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने ड्युओडिनमपर्यंत पोहोचता येते. अस्तराच्या घड्या जाड झालेल्या, बारीक गुठळ्या आलेल्या दिसतात. कधी वरवर सगळे ठीकही दिसते. म्हणून तुकडे घेणे महत्त्वाचे आहे, तेही एक नव्हे, अनेक ठिकाणचे. खालच्या भागाचा संशय असेल तर कोलोनोस्कोपी करतात. मधल्या भागासाठी लांब दुर्बीण, म्हणजे एन्टेरोस्कोपी, असते.

तुकडा कोणत्या बाटलीत? तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवला की पॅथॉलॉजीची तपासणी होते, पण त्यात जंतू मरतात. क्षयासाठी सीबीनॅट आणि कल्चर करायचे असेल तर वेगळा तुकडा सलाइनमध्ये पाठवावा लागतो. दुर्बिणीच्या आधी ‘क्षयासाठीही वेगळा तुकडा पाठवणार का?’ एवढे विचारले तर दुसऱ्यांदा दुर्बीण घालण्याची वेळ टळू शकते.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. साध्या रंगाने पेशींची गर्दी दिसते, पण ती कोणत्या जातीची हे कळत नाही. खास रंग वापरून पेशींची ओळख पटवतात. अल्फा जड साखळी आहे आणि हलकी साखळी नाही, हे इथे दिसले की निदान पक्के होते.

रक्तातली प्रथिने. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन या चाचण्यांत ती अर्धवट साखळी सापडू शकते. प्रत्येक रुग्णात ती सापडतेच असे नाही. रक्ताचा रिपोर्ट निर्दोष आला म्हणून आजार नाही, असे समजू नये.

स्कॅन. सीटी किंवा पेट-सीटीने आजार कुठवर गेला आहे ते कळते. अस्तरातल्या तुकड्यात पहिली पायरी दिसत असतानाच खोलवरच्या गाठीत पुढची पायरी असू शकते. म्हणून मोठ्या गाठी दिसल्या तर त्यातलाही तुकडा घ्यावा लागतो.

पायऱ्या आणि उपचार

डॉक्टर या आजाराच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत पेशींची गर्दी अस्तरापुरती असते. दुसरीत ती अस्तराखाली खोल उतरते. तिसरीत मोठ्या पेशींचा, वेगाने वाढणारा लिम्फोमा झालेला असतो.

पहिल्या पायरीवर टेट्रासायक्लिन, किंवा मेट्रोनिडाझोल आणि अॅम्पिसिलिनसारखी औषधे, काही महिने देतात. जुलाब काही आठवड्यांत आटोक्यात येऊ शकतात, पण इलाज तिथे थांबत नाही. पुन्हा दुर्बीण घालून, पुन्हा तुकडा पाहून अस्तर खरेच सुधारले का ते तपासतात. त्यानंतरही बरीच वर्षे तपासणीला यावे लागते, कारण आजार परतू शकतो.

गोळ्यांनी काम झाले नाही किंवा आजार पुढच्या पायरीवर असला, तर केमोथेरपी लागते. तिचा नेहमीचा संच सीएचओपी या नावाने ओळखला जातो. चार औषधे, साधारण दर तीन आठवड्यांनी एक फेरी. त्याआधी हेपेटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण तो विषाणू शरीरात सुप्त असला तर केमोथेरपीने जागा होतो. रुग्ण तरुण असेल तर पुढे मूल होण्याच्या दृष्टीने काय जपून ठेवता येईल, तेही केमोथेरपीच्या आधीच विचारावे. घरात हा विषय काढायला अवघड वाटते, पण नंतर विचारून उपयोग नसतो.

बरोबरीने पोषणाकडे लक्ष द्यावे लागते. बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह भरून काढणे, तेलकट कमी, प्रथिने जास्त. आहारतज्ज्ञांनी दिलेले पान स्वयंपाकघरात लावून ठेवावे.

लहान आतड्याचे इतर लिम्फोमा

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा त्यातला नेहमी दिसणारा प्रकार आहे. तो बहुधा लहान आणि मोठे आतडे जुळते तिथे, उजव्या ओटीपोटात होतो आणि आतड्याच्या क्षयाची आवडती जागाही तीच आहे. बर्किट लिम्फोमा मुलांत होतो आणि फार वेगाने वाढतो. आतड्यात आतडे शिरून पोट अडते, तेव्हा तो कळतो. सिलियाकशी जोडलेला टी-सेल लिम्फोमा, आणि त्याच्याशी संबंध नसलेला, आशियात अधिक दिसणारा दुसरा टी-सेल लिम्फोमा, हे दोन्ही उग्र असतात आणि आतडे फुटून अचानक समोर येऊ शकतात. याउलट ड्युओडिनममधला फॉलिक्युलर लिम्फोमा इतका सौम्य असतो की पुष्कळदा नुसती देखरेख पुरते. नाव एकच, ‘लिम्फोमा’, पण इलाज वेगळे. म्हणून रिपोर्टात नुसता लिम्फोमा न लिहिता प्रकार लिहिलेला असावा.

तातडीची लक्षणे: पोटात एकाएकी असह्य वेदना होऊन पोट कडक होणे, सारख्या उलट्या आणि शौच-वायू बंद, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौचास, भोवळ. यांत पोटाला शेक देत बसू नये. थेट इमर्जन्सीत न्यावे.

हैदराबादेत

सरकारी व्यवस्थेत अफझलगंजचे उस्मानिया आणि सिकंदराबादचे गांधी रुग्णालय, पंजागुट्ट्याचे निम्स आणि रेड हिल्सवरचे एमएनजे कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे आपल्याला परिचित आहेत. खासगीत गच्चीबौलीचे एआयजी पोटविकारांसाठी आणि बंजारा हिल्सचे बसवतारकम कर्करोगासाठी ओळखले जाते. मंडळ कोणाचीही शिफारस करत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की निदानाचा पहिला भाग पोटविकार तज्ज्ञाचा आणि पॅथॉलॉजिस्टचा असतो, कर्करोग तज्ज्ञ त्यानंतर येतो.

खर्चाचे आधी विचारावे. तेलंगणातील पात्र कुटुंबांसाठी आरोग्यश्री योजना आहे आणि डिसेंबर २०२३ पासून तिची मर्यादा दहा लाख रुपये आहे. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याचे कार्ड त्या राज्याचे असते, ते इथे चालेलच असे नाही. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्र खिडकीवर कार्ड दाखवून खात्री करावी.

फाइलमध्ये काय ठेवावे

• एका कागदावर तारीखवार हकीकत आणि दर आठवड्याचे वजन, एकाच काट्यावर केलेले.
• आजवर घेतलेली सगळी औषधे, दुकानातून आणलेल्या गोळ्या आणि काढे-चूर्णसुद्धा.
• बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक. हा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यायला तोच लागतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलला जायचे झाले तरी तिथे आधी ब्लॉकच मागतात. लॅबकडे अर्ज करून तो मिळतो. पावती जपावी.
• स्कॅनच्या फिल्मबरोबर सीडी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न चारच आहेत. निदान तुकड्यावरून झाले आहे की अनुमानाने? अनुमानाने असेल तर पुन्हा कधी तपासायचे? आणखी काय असू शकते आणि ते कशाने वगळले? आणि तुकडा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावा का? शांतपणे, लिहून नेऊन विचारले तर चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

घरच्यांसाठी

हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रुग्णाचे भांडे वेगळे करू नये.

रुग्ण लग्नाच्या वयाचा असतो, म्हणून पुष्कळदा घरात आजार दडवला जातो. ‘स्थळे येणे बंद होईल’ म्हणून मुलीला मोठ्या दवाखान्यात नेत नाहीत. बाळंतपणानंतर सुनेचे वजन उतरले तर ‘अंगावर पाजते म्हणून’ असे म्हणून सोडून देतात. मुलगा वाळला तर ‘परीक्षेचा ताण’. प्रत्येक कारण पटण्यासारखे असते आणि प्रत्येकात दोन-तीन महिने जातात. ज्या आजाराची पहिली पायरी गोळ्यांनी सुधारू शकते, तिथे हे महिने फार महाग पडतात.

तेव्हा पुढच्या वेळी गावाकडून कुणी ‘पोटाचा त्रास’ घेऊन आपल्या दारात उतरले, तर चहापाणी झाल्यावर आधी वजन काट्यावर उभे करा, मग फाइल मागा आणि तीत बायोप्सीचे पान आहे का ते पाहा. नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचे ते आपल्याला आता माहीत आहे.